दोन बोटं माया

मुंगसानं पांढरी नेली, त्या दिवशी
साळुंख्यांच्या पोरीचं ब्लाउज मशीनवर अर्धं टाकून
मी मापाची वही उघडली.
छाती, कंबर, बाही, गळा पुढून, गळा मागून.
त्याखाली लिहिलं : तांबडी.

तिला मांडीवर घेऊन टेप लावला.
नखापासून तुऱ्यापर्यंत सव्वा फूट.
चोचीपासून शेपटीपर्यंत मोजायला गेले
तर ती टेपच गिळायला निघाली.
सावळजात तीस वर्षं शिवतेय,
श्वास रोखून पोट आत घेणाऱ्या बायका रोज बघते,
पण मापाशी इतकं खोटं कुणी वागलं नव्हतं :
पंख मिटले की ओंजळभर,
झटकले की सूप.

मग ठिपकी. मग उघड्या मानेची
(हिला कॉलर लाव, इंदू म्हणाली).
मग तलंग, अजून अंग धरायचीय.
वाढत्या अंगाला माया सोडतात,
दोन बोटं, आत दुमडून.
तलंगेला मी वीतभर सोडली.

पांढरीचं माप घेतलंच नव्हतं.
अंदाजानं लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

जुन्या पेपरवर कटिंग केलं.
लांबी चार फूट, रुंदी तीन,
पाय दोन फुटांचे, म्हणजे खालून वारा जाईल
आणि अंडी काढताना माझी कंबर शाबूत राहील.

अस्लम शिकलगारनं कागद उलटा धरला.
"ही बाही का?"
"दार हाय ते."
त्यानं द्राक्षबागेचे गंजके अँगल कापले,
ठिणग्या अंगणभर.
मी बेदाणा शेडवरची हिरवी जाळी मागून आणलेली, फुकट.
त्यानं ती बोटानं ताणली, सोडली.
"बेदाण्याला ठीक.
बेदाण्याची मान कोण धरत नाही रात्रीची."
मग अर्ध्या इंचाची लोखंडी घेतली.
चार ब्लाउजांची शिलाई गेली त्यात.

बसायची काठी किती जाड?
त्याला ठाऊक नाही, मला नाही, इंदूला तर नाहीच.
घरातनं लाटणं आणून तांबडीच्या पायाखाली धरलं.
तिनं बोटं मिटली.
बरोबर.

वर पत्रा, पत्र्याखाली पोतं,
कारण चैतात इथला पत्रा भाकरी भाजतो.
अंड्यांच्या खोक्यात चिंध्या :
गावातल्या निम्म्या बायकांच्या बाह्यांचे उरलेले कोपरे.
जर मात्र निवडून काढली, नखात अडकते.
दाराला मी आकडा लावणार होते,
अस्लम म्हणाला, आकडा बोका काढतो.
मग कडी. कडीला खिळा.

आणि कडूसं पडलं तशा
चौघी निवांत शेवग्यावर चढल्या.

पहिल्या रात्री एकेकीला उतरवून आत कोंबलं.
दुसऱ्या रात्री पण. दंडावर ओरखडे.
तिसऱ्या सांजेला ठिपकी दारात थांबली.
एका डोळ्यानं बघितलं, मान वळवून दुसऱ्यानं,
कुठंतरी घट्ट होतंय अशा तोंडानं,
ट्रायलला आलेल्या बाईसारखी.
मी बोलले नाही. अशा वेळी बोलायचं नसतं.
ती आत गेली.
मागनं बाकीच्या, जणू पहिल्यापासून तसंच ठरलेलं.

साळुंख्यांची पोरगी दोनदा येऊन गेली.
उद्या ये म्हटलं.

रात्री दोनला जाळीवर नखं वाजली.
बॅटरी घेऊन धावले.
खाली मातीत उकरल्याच्या खुणा, ताज्या,
आणि अंधारात काहीतरी लांबट
कुंपणाखालून निसटलं.
कडीत खिळा तसाच.
आत उजेड पाडला. चौघी काठीवर,
फुगलेल्या, डोळे अर्धे उघडून माझ्यावर वैतागलेल्या.

काठी मी पाचींच्या मापानं कापलेली.
चौघी एकमेकींना चिकटून एका टोकाला,
दुसऱ्या टोकाला तेवढी जागा मोकळी.
हात घालून चाचपली.
लाकूड गार होतं.
खिळा परत बसवला
आणि मशीनवरचं ब्लाउज पुरं करायला बसले.